आकारामागची हालचाल

प्राथमिक खगोलशास्त्राच्या पुस्तकात दीर्घिका एका पानात उरकतात. लंबवर्तुळाकार, सर्पिल, अनियमित असे तीन कप्पे, सर्पिलांचे पुन्हा साध्या आणि दंडयुक्त असे दोन पोटभाग, प्रत्येकाला एक छायाचित्र, आणि लगेच पुढचे प्रकरण. वाचकाची समजूत अशी होते की दंड ही त्या दीर्घिकेची जन्मजात ठेवण असते. काहींना असते, काहींना नसते. प्रस्तुत पुस्तक या समजुतीशी भांडायला निघाले आहे. दीर्घिकेच्या मधोमध दिसणारा ताऱ्यांचा सरळ, लांबट पट्टा, म्हणजे दंड, हा आकार कमी आणि घडामोड अधिक आहे, असे त्याचे म्हणणे. दंड वायूला आत ढकलतो, ताऱ्यांच्या कक्षा बदलतो, केंद्राकडे खाद्य धाडतो आणि सगळ्या तबकडीला प्रौढ करतो. हे म्हणणे हजारो दीर्घिकांच्या सरासरीवरून मांडता आले असते आणि तसे ते अनेकदा मांडलेही गेले आहे. इथे मात्र एकच दीर्घिका हाती धरून, तिला सोडून फार लांब न जाता ते मांडले आहे. ती दीर्घिका म्हणजे एनजीसी १३६५.

दक्षिण आकाशातल्या अश्मंत, म्हणजे फॉर्नॅक्स, या फिकट तारकासमूहात ती आहे. १८२६ मध्ये जेम्स डनलॉप यांनी ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटा येथून तिची पहिली नोंद केली आणि १८८८ मध्ये ड्रायर यांच्या ‘न्यू जनरल कॅटलॉग’मध्ये तिला आजचा क्रमांक मिळाला. पुण्याच्या अक्षांशावरून ती दक्षिण क्षितिजाच्या वर जास्तीत जास्त ३५ अंशांपर्यंत चढते. दृश्य प्रत दहाच्या आसपास असल्याने नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, आणि शहरी उजेडात लहान दुर्बिणीलाही दाद देत नाही. अंतर सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षे, व्यास दोन लाख प्रकाशवर्षांच्या घरात. मधला दंड ठसठशीत आहे आणि त्याच्या दोन टोकांपासून निघालेल्या दोन भुजा मागे वळत लांबवर गेल्या आहेत. हा दंड एक फेरी सुमारे ३५ कोटी वर्षांत पुरी करतो. अंतर आणि फेरीचा काळ एकत्र ठेवले की छायाचित्राबद्दलचा पहिला भ्रम जातो. प्रकाश तिथून निघून आपल्यापर्यंत येईस्तोवर दंड सुमारे साठ अंशांनी पुढे गेला आहे. चित्रात दिसतो त्या दिशेला तो आज नाही. आणि दंडाचे वय ५०० कोटी वर्षे धरले, तरी त्याच्या आजवरच्या फेऱ्या चौदा-पंधराच भरतात. इतक्या थोड्या फेऱ्यांत त्याने काय काय केले असावे, याचा हिशेब हा या विषयाचा गाभा आहे.

हा हिशेब मांडायला खगोलशास्त्राला बराच वेळ लागला, कारण सुरुवात वर्गवारीपासून झाली. १९१८ मध्ये लिक वेधशाळेतल्या हीबर कर्टिस यांनी ग्रीक ‘फाय’ अक्षरासारख्या दिसणाऱ्या सर्पिल तेजोमेघांचा वेगळा गट केला. हे तेजोमेघ आकाशगंगेच्या आतले की बाहेरचे, याचा निकाल तेव्हा लागायचा होता. तो लागल्यावर १९२६ मध्ये एडविन हबल यांनी साधे आणि दंडयुक्त असे सर्पिलांचे दोन प्रवाह मानले आणि १९३६ मध्ये ते नादकाट्याच्या दोन पात्यांसारखे आकृतीत मांडले. आकृती इतकी सुटसुटीत होती की ती अजून पाठ्यपुस्तकांतून हललेली नाही. तिने केलेले नुकसानही तितकेच टिकाऊ. दोन पाती म्हटली की मधे मोकळी जागा आली, आणि दंड असणे किंवा नसणे हा होकार-नकाराचा प्रश्न झाला. १९५९ मध्ये जेरार द व्होकूलर यांनी ही जागा भरून काढली. दंड अजिबात नाही, पुसट आहे, ठळक आहे अशी सलग श्रेणी त्यांनी सुचवली. पुढे अवरक्त प्रकाशात छायाचित्रे मिळू लागली तेव्हा द व्होकूलर यांचीच बाजू बळकट ठरली. धुळीआड आणि तरुण निळ्या ताऱ्यांच्या झगमगाटाआड लपलेले पुसट दंड अवरक्तात उघडे पडतात, आणि ते जमेस धरले तर आपल्या शेजारच्या विश्वातल्या तबकडीधारी दीर्घिकांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांना दंड निघतो. ज्याला अपवादासारखे वागवले तो नियम निघाला. तरीही आकार पाहणाऱ्या या परंपरेला मी कमी लेखणार नाही. काय समजावून सांगायचे आहे, हे तिनेच ठरवून दिले.

दुसरी परंपरा गतिशास्त्राची. तिचे मूळ स्टॉकहोमच्या बर्टिल लिंडब्लाड यांच्यापाशी जाते. तारे केंद्राभोवती फिरता फिरता आत-बाहेरही झुलतात. त्यांचा हा झोका आणि दंडाची फेरी यांचा ताल जिथे जुळतो तिथे अनुस्पंदन होते, आणि अशा ठिकाणी ताऱ्यांच्या व वायूच्या कक्षा मोठ्या प्रमाणात बदलतात. ही ठिकाणे आज लिंडब्लाड यांच्याच नावाने ओळखली जातात. १९६४ मध्ये सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी सर्पिल भुजा म्हणजे घनतेच्या लाटा ही कल्पना मांडली, त्याच वर्षी अलार टूमरे यांनी तबकडी स्थिर राहण्याची अट काढली. मग संगणक आले आणि सगळ्यांची पंचाईत झाली. १९७१ मध्ये फ्रँक होल यांनी एक लाख ताऱ्यांची तबकडी संगणकात फिरवली, तर तिचा थोड्याच फेऱ्यांत दंड झाला. दंड कसा बनतो हा प्रश्नच उलटला. तो बनू नये म्हणून काय करावे, हे कळेना. १९७३ मध्ये जेरेमाया ऑस्ट्रायकर आणि जेम्स पीबल्स यांनी जेमतेम काहीशे कण घेऊन दाखवले की तबकडीभोवती मोठे, न दिसणारे वस्तुमान असेल तर ती शांत राहू शकते. कृष्णपदार्थाच्या बाजूने दिलेला हा एक मुख्य युक्तिवाद झाला. गंमत पुढेच आहे. दंड रोखायला बोलावलेले हेच न दिसणारे वस्तुमान, म्हणजे प्रभामंडल, दंडाकडून कोनीय संवेग शोषून घेते आणि त्यामुळे दंड अधिकच वाढतो, हे पुढच्या पिढीच्या, विशेषतः लिया अथानासूला यांच्या, कामातून समोर आले. दंड स्वतः संवेग गमावत जातो तसा लांब होतो, ठळक होतो आणि मंदावतो. हे चित्र आज बहुतेकांना मान्य आहे. तपशिलावर मात्र कडाक्याचे वाद आहेत, आणि ते पुस्तकात झाकलेले नाहीत.

तारे एकमेकांना न धडकता जातात, वायूला ती सोय नाही. एनजीसी १३६५च्या दंडात, फिरण्याच्या दिशेने पुढे असलेल्या कडेला, काळसर धुळीचे लांब पट्टे दिसतात. ती शोभा नव्हे. दंडाच्या गुरुत्वाने वायूच्या कक्षा लांबट होतात, त्या एकमेकींवर चढतात, वायू स्वनातीत वेगाने आपटतो, दाबला जातो, संवेग गमावतो आणि केंद्राकडे घसरतो. १९९२ मध्ये अथानासूला यांनी धुळीच्या पट्ट्यांचा आकार आणि दंडाचा वेग यांचे नाते गणिताने जोडले. १९९६ मध्ये त्यांनी आणि पी. ए. बी. लिंडब्लाड व पेर ओलोफ लिंडब्लाड यांनी खास याच दीर्घिकेचे वायुप्रवाह संगणकात उभे केले. रवीने दही घुसळावे तशी ही घुसळण आहे, फक्त रवी उलटसुलट फिरते आणि दंड एकाच दिशेने. वर येणारा लोणीगोळा मात्र इथेही केंद्रापाशीच जमतो. दंडावरून घसरलेला वायू थेट केंद्रबिंदूत न पडता त्याच्याभोवतीच्या कड्यात साठतो आणि तिथे ताऱ्यांच्या जन्माची झुंबड उडते. ही झुंबड धुळीने झाकलेली असल्याने हबल दुर्बिणीला ती अर्धीच दिसत होती. जेम्स वेब दुर्बिणीच्या अवरक्त प्रतिमा आल्यावर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे प्रत्येकी दहा लाख सूर्यांहून जड आणि एक कोटी वर्षांहून तरुण असे सुमारे तीस तारकागुच्छ मोजले गेले. त्यांपैकी सोळा आधी कोणाला ठाऊकच नव्हते. सुमारे दहा कोटी प्रकाशवर्षांच्या परिसरातल्या ज्ञात दीर्घिकांत इतक्या जड, इतक्या कोवळ्या गुच्छांची एवढी दाटी दुसरीकडे आढळलेली नाही. दंड केंद्राला माल पुरवतो, या विधानाला याहून बोलका पुरावा मागणे कठीण.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. केंद्राभोवतीच्या कड्यापर्यंत वायू पोहोचला हे ठीक, पण त्याच्याही आत, कृष्णविवरापर्यंत, तो दंडानेच पोहोचवला कशावरून? एनजीसी १३६५ची नाभी सक्रिय आहे, तिच्यातून क्ष-किरण येतात, वायूचा शंकूसारखा झोत बाहेर फेकला जातो, हे सारे खरे. पण मोठ्या पाहण्यांत दंड असलेल्या दीर्घिकांची केंद्रे दंड नसलेल्यांपेक्षा निःसंशय अधिक सक्रिय असतात, असे एकमुखाने सिद्ध झालेले नाही. हा आक्षेप टाळता येणार नाही, आणि माझ्या मते त्याचे उत्तर काळाच्या मापात आहे. कृष्णविवराचे जेवण हा दंडाच्या आयुष्याच्या तुलनेत क्षणाचा व्यवहार आहे. दंड अब्जावधी वर्षे टिकतो, केंद्र पेटते आणि विझते. एका क्षणी घेतलेल्या शिरगणतीत अशा दोन गोष्टींचा मेळ सैल दिसणारच. शिवाय दंडाचे काम माल गोदामापर्यंत आणण्याचे. तिथून आतला शेवटचा टप्पा वायूचे स्वतःचे गुरुत्व, आतले छोटे दंड आणि ताऱ्यांचे स्फोट यांच्याकडे जातो. दंडाच्या आत दंड असा मार्ग १९८९ मध्ये आयझॅक श्लॉसमन आणि सहकाऱ्यांनी सुचवला तो याच अडचणीपोटी.

या नाभीने दुसऱ्याही वादात भर घातली आहे. २००६ च्या एप्रिलमध्ये चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला एक ढग केंद्रासमोरून जाताना दिसला. त्या ग्रहणाच्या कालावधीवरून क्ष-किरण सोडणारा भाग आपल्या सूर्यमालेहूनही लहान आहे, हे ठरवता आले. ६ कोटी प्रकाशवर्षांवरच्या वस्तूत इतके बारीक माप घेता यावे, ही निरीक्षणशास्त्राची कमालच. २०१३ मध्ये ग्विडो रिसालिती आणि सहकाऱ्यांनी नूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या उपग्रहांच्या निरीक्षणांवरून हे कृष्णविवर सैद्धांतिक मर्यादेच्या जवळपास वेगाने गिरकी घेत असल्याचा निष्कर्ष काढला. ज्यांवरून गिरकी ठरवली ती क्ष-किरण वर्णपटाची वळणे समोरच्या ढगांच्या शोषणानेही येऊ शकतात, असे विरोधी मत आधीपासून होते. त्या कामाचा रोखच ते मत खोडण्याकडे होता. पुस्तकात दोन्ही बाजूंना जागा मिळाली आहे आणि गिरकीचा आकडा निरीक्षण म्हणून न देता अर्थनिर्णय म्हणून दिला आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

दुसरा आक्षेप पुस्तकाच्या पद्धतीवरच आहे. एका दीर्घिकेवरून नियम कसा काढणार? आजचा जमाना मोठ्या संख्यांचा आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलक्सी झू’ प्रकल्पात सर्वसामान्य लोकांनी लाखो दीर्घिकांच्या प्रतिमा पाहून आकार नोंदवले, आणि त्या नोंदींतून तांबूस, तारे घडवणे मंदावलेल्या तबकड्यांत दंड जास्त आढळतात असे निघाले. असे निष्कर्ष एका दीर्घिकेतून कधीच हाती लागले नसते. पण संख्या दाखवते ते सहअस्तित्व. दंडामुळे तबकडी म्हातारी झाली, की म्हाताऱ्या, वायू सरलेल्या तबकडीत दंड सहज बनला, हे टक्केवारी सांगत नाही. त्यासाठी वायू कुठून कुठे, किती वेगाने जातो आहे हे एखाद्या ठिकाणी तपासावेच लागते, आणि ते तपासायला दीर्घिका जवळची, मोठी आणि योग्य कलाने झुकलेली लागते. एनजीसी १३६५ तशी आहे. चिलीतल्या अल्मा आणि व्हीएलटी या वेधशाळा, हबल, वेब, रेडिओ दुर्बिणी, सगळ्यांनी तिला पाहिले आहे, आणि एकाच वस्तूवर इतक्या साक्षी फार क्वचित गोळा होतात. ती प्रातिनिधिक आहे असा दावा कोणी करू नये. तिचा दंड नेहमीपेक्षा ठळक आहे आणि केंद्रातली धामधूमही. पण यंत्रणा कळायची तर ती जिथे जोरात चालू आहे तिथेच जावे लागते.

हा विषय नेमका आत्ता का तापला आहे, याचे कारण दूरच्या विश्वात आहे. २००८ मध्ये कार्तिक शेठ आणि सहकाऱ्यांनी हबलच्या प्रतिमांवरून दोन हजारांहून अधिक सर्पिल दीर्घिका तपासल्या आणि ७०० कोटी वर्षांपूर्वी जेमतेम पाचव्या हिश्श्यालाच दंड होता असे मांडले. दंड ही प्रौढपणाची खूण, हे मत त्यावर पक्के झाले. वेब दुर्बिणीने त्याला धक्का दिला. ११०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत दंड दिसले. विश्व सुमारे २१० कोटी वर्षांचे असतानाचीही एक दंडयुक्त दीर्घिका २०२३ मध्ये जाहीर झाली. २०२५ मध्ये पुण्याच्या एनसीआरए संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्याच प्रतिमांतून अलकनंदा शोधली. विश्व दीडशे कोटी वर्षांचे असतानाची ही दीर्घिका दोन रेखीव भुजांची नीट बसलेली तबकडी आहे. तबकड्या इतक्या लवकर स्थिरावत असतील, तर दंडांनाही कामाला लागायला वाटले त्यापेक्षा जास्त काळ मिळाला. मग जुना निष्कर्ष चुकला का? अर्धवट. हबलला तितक्या अंतरावरचे लहान आणि तांबूस दंड दिसणे अवघडच होते, त्यामुळे आकडे वाढणार होते. पण मागे जावे तसे दंडांचे प्रमाण घटते, हा कल वेबच्या मोजणीतही टिकला आहे. खूण टिकली, घड्याळ मात्र पुन्हा लावावे लागणार.

कृष्णपदार्थाचा प्रश्न याहून अवघड. प्रभामंडल दाट असेल तर त्याच्या ओढीने दंड लवकर मंदावला पाहिजे, असे व्हिक्टर देबात्तिस्ता आणि जेरी सेलवूड यांच्या १९९८ आणि २०००च्या गणितातून निघते. मोजलेले बहुतेक दंड मात्र वेगवान आहेत. एनजीसी १३६५चा दंडही, १९९६ च्या प्रारूपानुसार, त्याच गटात बसतो. कृष्णपदार्थ नाकारणारे यावर बोट ठेवतात. मला तो पुरावा निर्णायक वाटत नाही, कारण वेग मोजण्याच्या पद्धतीतच दंडाची लांबी किती धरायची हा प्रश्न दडलेला आहे. पण वेगवान दंडांचा प्रश्न सुटला आहे असे म्हणणेही खोटेपणाचे होईल. त्यात या दीर्घिकेच्या हायड्रोजन वायूच्या रेडिओ निरीक्षणांत बाहेरच्या भागातला फिरण्याचा वेग सपाट न राहता उतरत जाताना दिसला आहे, म्हणजे नेहमीच्या चौकटीत ती पूर्ण बसतही नाही.

आणि हा सगळा खटाटोप परक्या घराचा नाही. आकाशगंगेला दंड असावा असे द व्होकूलर यांनी १९६४ मध्येच सुचवले होते. १९९०च्या दशकातल्या अवरक्त निरीक्षणांनी ते पक्के झाले. आपण मात्र आपल्या तबकडीच्या आतच बसलेले असल्याने आपला दंड टोकाकडून, धुळीतून, तिरका दिसतो. त्याची लांबी आणि फेरीचा वेग यांवर गाया उपग्रहाच्या नोंदी आल्यावरही चर्चा थांबलेली नाही. समोरून स्वच्छ दिसणारा दंड कसा वागतो हे कळले की आपल्याच केंद्रात काय चालले असेल याचा अंदाज बांधता येतो. आपले केंद्र आज शांत आहे आणि एनजीसी १३६५चे नाही, हा फरक समजून घ्यायलाही दोघींच्या दंडांची तुलना लागते.

अंतराबद्दल पुस्तकात बराच ऊहापोह आहे. काही वाचकांना तो मूळ विषयापासून भरकटल्यासारखा वाटेल, पण तो जागचा आहे. १९९०च्या दशकात हबलच्या मुख्य प्रकल्पात इथले पन्नासच्या आसपास सेफीड रूपविकारी तारे मोजून अंतर काढले गेले. मग २०१२ मध्ये याच दीर्घिकेत एसएन २०१२एफआर हा एक-ए प्रकारचा अतिनवतारा झळकला. सेफीड आणि असा अतिनवतारा एकाच घरात मिळणे दुर्मीळ, म्हणून विश्वाच्या प्रसरणाचा वेग ठरवणाऱ्या शिडीत ही दीर्घिका एक पायरी बनली, आणि त्या वेगाच्या दोन परस्परविरोधी आकड्यांच्या चालू भांडणात तीही एक साक्षीदार आहे. अंतर दहा टक्क्यांनी चुकले तर तारकागुच्छांची वस्तुमाने त्याहून अधिक प्रमाणात बदलतात, कारण ती अंतराच्या वर्गावर अवलंबून असतात. म्हणून पुस्तकात प्रत्येक मोठ्या आकड्याआधी तो कशावरून आला हे दिले आहे, आणि जिथे मतभेद आहेत तिथे दोन आकडे शेजारी ठेवले आहेत. शाळेतले भौतिकशास्त्र पुरेल. समीकरणे आहेत ती बाजूच्या चौकटींत, आणि ती ओलांडली तरी धागा तुटत नाही. चित्रांबाबत एवढेच सुचवीन की ती पाहण्याआधी खालची ओळ वाचावी. वेबच्या प्रतिमेतला नारिंगी रंग धुळीच्या उष्णतेला नेमून दिलेला आहे, हबलच्या प्रतिमेतला निळा बऱ्याच अंशी तरुण ताऱ्यांचा खरा रंग आहे, आणि अल्माच्या नकाशातला लाल-निळा हा वायूचा वेग आहे, उजेड नव्हे.